कोपरा कापलेली प्लेट

दुपारच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली असताना ग्रॅमताईंनी मास्तरांच्या टेबलावर दोन ट्रे आणून ठेवले आणि काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या. एरवी त्यांची टकळी दिवसभर चालू असायची. त्या गप्प झाल्या की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

कारखाना म्हणावा एवढी ती जागा मोठी नव्हती आणि दुकान म्हणावं एवढी छोटीही नव्हती. पुढच्या खोलीत पाण्याची आयोनायझर मशीनं दुरुस्तीला यायची, मधल्या खोलीत ती उघडली जायची आणि मागच्या खोलीत त्यांच्या आतल्या प्लेटांवर नव्याने प्लॅटिनम चढवलं जायचं. मागच्या खोलीत मास्तरांचं राज्य. बावीस वर्षं ते हेच काम करत होते आणि गेली नऊ वर्षं नव्या माणसांना शिकवतही होते, म्हणून मास्तर. ग्रॅमताईंचं काम वजनाचं. प्लॅटिनम चढवण्याआधी प्लेट तोलायची, चढवल्यावर पुन्हा तोलायची आणि मधला फरक वहीत लिहायचा. तो फरक इतका बारीक असायचा की काट्याजवळ कुणी शिंकलं तरी ताई त्याच्या अंगावर धावून जायच्या.

आयोनायझर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मास्तरांना स्फुरण चढायचं. त्यात जादू काही नाही, ते सांगायचे. पाण्यात धातूच्या प्लेटा, मध्ये पातळ पडदा आणि प्लेटांना वीज. ऋण प्लेटेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि तिथलं पाणी अल्कधर्मी होतं. धन प्लेटेपाशी ऑक्सिजन सुटतो आणि तिथलं पाणी आम्लधर्मी होतं. पडदा दोघांना मिसळू देत नाही, म्हणून एका नळीतून हे येतं आणि दुसरीतून ते. प्यायचं ते पहिलं. आता त्याने अमुक आजार बरा होतो आणि तमुक पळून जातो, हे विकणाऱ्यांचं बोलणं. त्यात मास्तर पडत नसत. त्यांचा जीव प्लेटेत.

प्लेट टायटॅनियमची असते आणि तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. प्लॅटिनम अशासाठी, की धन बाजूला भलेभले धातू झिजून पाण्यात उतरतात आणि हे मात्र जागचं हलत नाही. पण थर पातळ, त्यामुळे त्यात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहायचीच. त्या छिद्रातून पाणी आतल्या धातूला जाऊन भिडतं. आत टायटॅनियम असेल तर ते स्वतःवर चटकन ऑक्साइडची कातडी धरतं आणि गप्प बसतं. आत स्टील असेल तर ते कुरतडलं जातं आणि त्यातलं निकेल, क्रोमियम हळूहळू पिणाऱ्याच्या ग्लासात येतं. "वरून बघाल तर दोघी सख्ख्या बहिणी," मास्तर शिकाऊंना बजावायचे, "पण एकीला घरात घ्यायचं आणि दुसरीला दारातही उभं करायचं नाही."

दारातही उभी करू नये अशी ही बहीण मास्तरांच्या खोलीत मात्र रोज असायची, कारण शिकणाऱ्यांचा हात तिच्यावरच बसायचा. टायटॅनियम महाग आणि नवशिक्यांच्या हातून वाया जाणार हे ठरलेलं. म्हणून सरावाला त्याच मापाच्या स्टीलच्या प्लेटा आणि उतरलेलं, कमजोर झालेलं प्लॅटिनमचं द्रावण. दोन्ही एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मास्तरांनीच नियम घातला होता: सरावाच्या प्लेटेचा एक कोपरा कापायचा. नऊ वर्षं हा नियम बिनबोभाट चालला.

मग सहा महिन्यांपूर्वी एका नव्या मॉडेलची मशीनं यायला लागली. त्यांच्या आतल्या डब्यात, म्हणजे सेलमध्ये, एका कोपऱ्यात प्लास्टिकचा खांब होता. प्लेट बसायची तर तिचा कोपरा कापावाच लागे. आता चांगल्या प्लेटांचेही कोपरे कापले जाऊ लागले. तसलं मशीन महिन्यातून एखादंच येई, त्यामुळे जुना नियम बदलायला हवा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्याही नाही.

"महिन्याची मोजदाद केली. कोपरा कापलेल्या चांगल्या प्लेटा सहा केल्या, पाच बसवल्या, म्हणजे ट्रेमध्ये एक उरायला हवी," ग्रॅमताई शेवटी म्हणाल्या. "दोन आहेत. दोन्ही तोलल्या, दोन्ही टायटॅनियम. आणि सरावाच्या बारा हव्यात. अकराच आहेत."

मास्तरांनी दोन्ही ट्रे स्वतः मोजले. मग पुन्हा मोजले. मोजून आकडा बदलत नसतो हे त्यांना कळत होतं, पण हात थांबेनात. या महिन्यात त्या मॉडेलचं एकच मशीन तयार झालं होतं. ते मास्तरांनी स्वतःच्या हाताने तयार केलं होतं आणि स्वतःच्या हाताने नेऊन बसवलं होतं. ते त्यांच्या सुनेच्या ओट्यावर होतं.

सुनेला सहावा महिना लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर आणि एकदा हाती आलेलं निसटल्यावर तिला दिवस राहिले होते. बातमी कळली त्या दिवशी मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात मायेचं काही करायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. शिवता येत नव्हतं, विणता येत नव्हतं, चार गोड शब्द बोलायला गेले तर जीभ अडखळे. प्लेटा तेवढ्या येत होत्या. कुणीतरी मोडीत काढलेलं एक मशीन त्यांनी घेतलं, रोज काम संपल्यावर तासभर बसून ते घासलंपुसलं, नव्या प्लेटा कापल्या, त्यांवर नेहमीपेक्षा जाड थर चढवला आणि सव्वीस दिवसांपूर्वी मुलाच्या घरी नेऊन लावलं.

ज्या दिवशी मशीन जोडलं त्या दिवशी सकाळी शिकाऊंचा वर्ग झाला होता. त्यांच्या सरावाच्या प्लेटा वाळायला वरच्या दांडीवर लटकत होत्या आणि मास्तरांच्या खालच्या दांडीवर. खाली रस्त्यावर मुलगा गाडी घेऊन उभा होता आणि हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मास्तरांनी वरची दांडी कुठली, खालची कुठली हे न बघता कोपरा कापलेल्या पाच प्लेटा एकदम उचलल्या आणि सेलमध्ये सरकवल्या. एकेक उचलली असती तर वजनातच कळलं असतं. टायटॅनियमची प्लेट बावीस ग्रॅमची, स्टीलची चाळीसला टेकलेली. बावीस वर्षं ज्या हाताचा तोरा मिरवला, तो हात त्याच दिवशी झोपला होता.

आणि परवाच मुलगा फोनवर म्हणाला होता की हिच्या तोंडाला सारखी लोखंडासारखी चव येते, काही खाववत नाही. तेव्हा मास्तर हसून म्हणाले होते, असतं बाईमाणसाला असं या दिवसांत. आता ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

"जा तुम्ही," ग्रॅमताई म्हणाल्या. "इथलं मी बघते."

मास्तरांनी आधी सुनेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, दुपारची झोपली असणार. मुलाचा फोन कामाच्या वेळी कपाटात कुलपात असायचा. मग त्यांनी निरोप लिहायला घेतला. 'मशीनचं पाणी पिऊ नकोस' असं लिहिलं आणि खोडलं. पोटुशी मुलगी, घरात एकटी, हे वाचून तिने धसका घेतला तर? शेवटी लिहिलं: 'मशीन बंद ठेव. सर्व्हिसिंग करायचं आहे, येतोय.' निरोप गेल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. पण त्याहून धड काही सुचेना.

उरलेल्या दोन टायटॅनियम प्लेटांपैकी एक कागदात गुंडाळून त्यांनी शर्टाच्या खिशात घातली, पेचकस आणि भिंग घेतलं आणि बस पकडली. बसला पाऊण तास लागायचा. मास्तरांनी तो पाऊण तास हिशेबात घालवला. दिवसाला चार ग्लास धरले तर सव्वीस दिवसांचे शंभराच्या वर. सरावाच्या प्लेटेवरचा थर म्हणजे चाळणीच. त्यात हे मशीन मधूनमधून वीज उलटी फिरवून स्वतःला साफ करणारं, म्हणजे स्टीलची प्लेट कुठल्याही जागी असो, धन व्हायची तिची पाळी येणारच. किती निकेल उतरलं असेल? किती क्रोमियम? गर्भाला किती सोसतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अंदाजाने काढता येत होती आणि तिसऱ्याचं येत नव्हतं. शेजारच्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाहीये का. मास्तरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुनेने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा झोपेतून उठल्यासारखा दिसत नव्हता. धावपळ केल्यासारखा दिसत होता. स्वयंपाकघरात ओटा लखलखीत पुसलेला, मशीनवर ओल्या फडक्याचे पट्टे अजून वाळायचे होते आणि नळीखाली एक ग्लास उपडा घालायच्या ऐवजी उभा ठेवलेला. मास्तरांनी पाणीही न मागता विचारलं, आज यातलं प्यायलीस का.

"हो तर. सकाळी दोन ग्लास," सून म्हणाली. "छान आहे पाणी, बाबा."

मास्तरांनी ओट्याला हात टेकला. रोज किती पितेस, त्यांनी विचारलं. सासऱ्याने एवढा जीव ओतून केलेली वस्तू, आणि तो अर्धं गाव ओलांडून तिची विचारपूस करायला आलेला. सुनेने हात सैल सोडला. म्हणाली, आठदहा ग्लास तरी होतातच. यांनाही फार आवडतं. परवा तर हे म्हणाले की बाबांच्या पाण्याने अंगात तरतरी येते. ती एकेक ग्लास वाढवत होती आणि मास्तरांचा एकेक श्वास कमी होत होता. चारावर आधारलेला त्यांचा बसमधला हिशेब केव्हाच कोसळला होता.

सर्व्हिसिंग करतो, एवढं बोलून त्यांनी मशीनची वायर काढायला हात घातला. ती आधीच काढलेली होती. निरोप वाचून काढली असेल, त्यांना वाटलं. त्यांनी मशीन जमिनीवर घेतलं आणि मागचे सहा स्क्रू काढले. नेहमी एका मिनिटात निघणारे स्क्रू, आज प्रत्येकाने वेळ खाल्ला. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला बस म्हणावं, हेही त्यांना सुचलं नाही.

सेल उघडण्याआधी त्यांनी खाली फडकं अंथरलं, कारण चालू मशीनच्या सेलमध्ये पाणी राहिलेलं असतं. झाकण काढलं. फडकं कोरडंच राहिलं.

मास्तरांनी पहिली प्लेट उपसली. हातात हलकी. टायटॅनियम. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथी बाहेर आली आणि बोटांना वजन लागलं. भिंग लागलं नाही, काटा लागला नाही. तीच ती. म्हणजे ग्रॅमताईंचं मोजणं बरोबर होतं आणि त्यांची सव्वा तासाची वेडी आशा चुकीची होती. ती प्लेट हातात धरून ते नुसते बसून राहिले.

पण बावीस वर्षांची सवय अशी, की मन बंद पडलं तरी डोळे काम करत राहतात. डोळे म्हणत होते, हिच्यावर डाग कुठे आहेत? सव्वीस दिवस, रोज आठदहा ग्लास, म्हणजे कमजोर थराच्या छिद्रांभोवती तपकिरी ठिपके दिसायलाच हवेत. त्यांनी भिंग लावलं. ठिपके नव्हते. त्यांनी बाकीच्या प्लेटा पुन्हा उचलल्या. या भागाचं पाणी जड, आठवड्याभरात ऋण बाजूला चुन्याची पांढरी साय धरतं. साय नव्हती. पडद्याला हात लावला तर तो वाळून कडक झालेला. प्लेटांवर फार तर काही मिनिटं वीज फिरल्याच्या खुणा होत्या आणि बाकी सगळं कधीचं कोरडं पडलेलं.

मास्तरांनी वर पाहिलं. सून पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती.

"हे मशीन चाललेलंच नाही," मास्तर म्हणाले.

सुनेचे डोळे भरून आले. मग तिने जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचना. बसवलं त्या दिवशी बाबांनी बजावलं होतं की पहिल्या दिवसाचं पाणी सोडून द्यायचं, तसं तिने दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, आतून गुणगुण सुरू झाली आणि दुसऱ्या नळीतून कसलासा वास आला. तिला त्या दिवसांत फोडणीचाही वास सहन होत नव्हता. ग्लास तोंडापर्यंत गेलाच नाही. ती बेसिनवर धावली आणि सगळं ओकली. मग वायर काढली ती काढलीच. पाणी उकळून, गाळून बाटल्या भरून ठेवत होती, आधी ठेवायची तशाच. यांना सांगितलं असतं तर यांनी बाबांना सांगितलं असतं आणि बाबांना वाईट वाटलं असतं. म्हणून यांनाही नाही सांगितलं. आज निरोप आला तसं पुसून घेतलं, वर कपडे वाळत घातलेले असायचे ते काढले.

"मग त्याला तरतरी कशाने येते?" मास्तरांनी विचारलं.

"उकळलेल्या पाण्याने," सून रडता रडता म्हणाली.

"म्हणजे एकही घोट नाही? नीट आठवून सांग."

"एकही नाही, बाबा. खरंच नाही. माझं चुकलं."

मास्तर जमिनीवर होते ते भिंतीला टेकले आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं की कशाचं ते त्यांनी शोधायचा प्रयत्न केला नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी अक्षरशः कळलं. शंभर ग्लास, अडीचशे ग्लास, सगळे एका फटक्यात पुसले गेले होते. तोंडाला येणारी ती चव नुसती दिवसांतली चव होती. त्यांनी इतक्या मायेने केलेलं काम वायर काढून कपड्यांखाली पडून होतं आणि आयुष्यात कुठल्याही कौतुकाने त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

सुनेला मात्र काही उमगेना. सासरे दुखावले आणि दुखावल्यामुळे हसताहेत, असं समजून ती आणखीच माफी मागायला लागली. उद्यापासून पिते म्हणाली. नाक दाबून पिते म्हणाली.

इथे मास्तरांना एक सोपी वाट दिसली. खिशात चांगली प्लेट होती. ती चौथ्या जागी सरकवायची, स्टीलची खिशात टाकायची, स्क्रू घट्ट करायचे, राहू दे बाळा, नसेल आवडत तर नको पिऊस असं म्हणायचं आणि मोठ्या मनाचा सासरा म्हणून घरी जायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. कुणाला कळलं नसतं, ग्रॅमताईंनीही तोंड उघडलं नसतं. त्यांचा हात खिशापर्यंत गेला हे खरं आहे. पण समोर ती मुलगी एका ग्लासभर खोट्यासाठी रडत होती आणि आपण तिच्याहून कितीतरी मोठं खोटं सर्व्हिसिंगच्या नावाखाली घेऊन बसलोय, हे त्यांना सहन झालं नाही.

त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि दोन प्लेटा तिच्या दोन हातांत दिल्या. विचारलं, काही फरक वाटतो का. तिने तोलून पाहिलं आणि ही जड आहे म्हणाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. सरावाच्या प्लेटा, कापलेला कोपरा, हॉर्न वाजवणारा मुलगा, एकदम उचललेल्या पाच. निकेल आणि क्रोमियम हे शब्दही गाळले नाहीत.

ऐकता ऐकता सुनेने जड प्लेट ओट्यावर ठेवली आणि तो हात पोटावर नेला. मास्तरांना वाटलं, आता ही नवऱ्याला फोन करेल, आईला करेल, आणि उद्यापासून आपल्याला या घराचं दार उघडायचं की नाही ते ठरवेल. ठरवू दे, त्यांच्या मनात आलं. ती आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल. ती आणि बाळ दोघं धडधाकट आहेत, याउपर त्यांना काही मागायचं नव्हतं.

"आणि हे दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये गेलं असतं तर?" तिने विचारलं. "तुम्हाला कळलं असतं?"

"ताईंनी मोजलं की कळलं असतंच. आज कळलं तसं."

"पण ते लोक प्यायले असते."

"हो," मास्तर म्हणाले. "ते प्यायले असते."

त्यांनी मान खाली घातली. सुटलो, सुटलो असं जे मनात चाललं होतं त्याला जागच्या जागी लगाम बसला. आपल्या घरात नखरे करणारं एक नाक होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या घरी एखादी गुणी सून दोन्ही वेळा भरून ग्लास प्यायली असती.

सून उठली, तिने बाटलीतून दोन ग्लास पाणी घेतलं आणि एक त्यांच्यापुढे ठेवला. मग ती जड प्लेट पुन्हा हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"कोपरा कशाला कापता, बाबा?" ती म्हणाली. "मधोमध भोक पाडा ना. चांगलं रुपयाएवढं. भोक असलेली प्लेट कोण बसवेल?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. नऊ वर्षं शिकवलं, शिकाऊंना तास तास भाषणं दिली, आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. कोपरा नजरेतून निसटतो. मधलं भोक आंधळ्याच्याही बोटाला लागेल. त्यांनी तसं कबूल केलं, तेव्हा सुनेच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग म्हणाली, आज रात्री यांना मी सगळं सांगणार आहे, माझंही आणि तुमचंही. मास्तर म्हणाले, सांग.

घराखाली येऊन त्यांनी ग्रॅमताईंना फोन केला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. प्लेट तीच होती, मास्तरांनी सांगितलं, पण पोरीने एक घोटही घेतला नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ताईंचं बोलणं सुरू झालं ते बस येईपर्यंत थांबलं नाही. मशीन मांडीवर घेऊन मास्तर बसमध्ये बसले आणि पाऊण तास गाढ झोपले. कंडक्टरने हलवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, त्यांनी बाराच्या बारा सरावाच्या प्लेटांना ड्रिलने मधोमध भोक पाडलं. बारावीचं भोक जरा वेडंवाकडं झालं. शिकाऊ मुली आल्या आणि त्यांनी विचारलं, हे कशासाठी. मास्तरांनी त्यांना बसवून सगळी हकिगत सांगितली, स्वतःचं नाव न चोरता. तेव्हापासून नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी ती सांगतात. आता नात दीड वर्षाची झाली, दिवसभर घर डोक्यावर घेते, आणि हकिगत सांगताना मास्तरांचा आवाज हल्ली कापत नाही. पण शेवट ते कधी बदलत नाहीत. माझी सून माझ्याशी खोटं बोलली म्हणून माझी नात सुखरूप आली, ते म्हणतात, तुम्ही आपलं प्रत्येक प्लेट वेगळी उचला.